डिस्चार्ज बुकातले नाव चुकले असेल तर…



मेडनहेडच्या मार्लो रोडवर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनचे मुख्य कार्यालय आहे. आपल्यापैकी कितीतरी जण स्टेशनला जाता-येता त्यावरून जातात, पण आत काय चालते याचा पत्ता फार थोड्यांना असतो. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धात कामी आलेल्या सुमारे १७ लाख सैनिकांची नावे, थडगी आणि स्मारके हे कमिशन सांभाळते. त्यात आपल्या मराठा पलटणींची माणसेही आहेत. त्यामुळे "आमच्याकडे मिलिटरीच्या कागदात नावाची चूक आहे, तिथे जाऊन विचारू का?" हा प्रश्न अगदी रास्त आहे.

उत्तर मात्र कागद कोणाचा यावर अवलंबून आहे. आजोबा किंवा पणजोबा महायुद्धात गेले असतील तर हो, जरूर विचारा. वडील फौजेतून रीतसर पेन्शनीत आले असतील तर नाही. तो रस्ता मार्लो रोडला न जाता बेळगाव, नाशिक रोड, खडकी किंवा अहिल्यानगरला जातो. या लेखात मुख्यतः या दुसऱ्या रस्त्याबद्दल लिहिले आहे, कारण त्यात घरच्या हयात माणसाचे पैसे अडकलेले असतात. मार्लो रोडबद्दल शेवटी लिहितो.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो. चूक दुरुस्त करायची असेल तर बाबा आहेत तोवर करा. ते हयात असताना हे काम म्हणजे त्यांच्या सहीचा अर्ज, चार झेरॉक्स आणि काही महिन्यांची वाट. ते गेल्यावर तेच काम आईच्या गळ्यात पडते. मग "या नोंदीतली बायको मीच" हे तिला वयाच्या पंचाहत्तरीला सिद्ध करावे लागते, तेही फॅमिली पेन्शन सुरू झालेली नसताना. बाबा पेन्शन घेत असतात तोपर्यंत त्यांच्या कागदातल्या आईच्या नावाकडे कोणी पाहत नाही, आणि म्हणून चूक वीस-तीस वर्षे तशीच निवांत पडून राहते.

कागद कोणते, आणि मूळ कोणता

निवृत्तीच्या वेळी जवानाला एक छोटी वही मिळते, तिला आपण डिस्चार्ज बुक म्हणतो. तिच्यात नंबर, हुद्दा, नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, भरतीची आणि सुटण्याची तारीख, सुटण्याचे कारण, पदके, वर्तणुकीचा शेरा आणि घरच्या माणसांची नावे असतात. गावाकडे ती बहुतेक वेळा लोखंडी ट्रंकेत, जमिनीच्या सातबाऱ्याशेजारी सापडते. दुसरा कागद पीपीओ, म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डर. जवान आणि जेसीओंसाठी ती प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयातून निघते. जुन्या कागदांवर 'अलाहाबाद' असेल.

पण हे दोन्ही कागद म्हणजे नक्कल. मूळ नोंद बाबांच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसात असते. भरतीच्या दिवशी भरलेला शीट रोल तिथे असतो. पुढे लग्न झाले, मुले झाली की युनिटने छापलेल्या 'पार्ट टू ऑर्डर' त्याला जोडल्या जातात. आईचे नाव फौजेच्या कागदात पहिल्यांदा येते ते बहुतेक वेळा या पार्ट टू ऑर्डरमधून. रेकॉर्ड ऑफिस जे कळवते तेच प्रयागराजला पीपीओवर चढते आणि तिथून पुढे पैसे देणाऱ्याकडे जाते. म्हणून बँकेच्या मॅनेजरशी कितीही वाद घातला तरी उपयोग नाही. पीपीओवरचे एक अक्षरही बदलायचा अधिकार बँकेला नाही. रेकॉर्ड ऑफिसने दुरुस्ती मान्य केली की 'कॉरिजेन्डम पीपीओ' निघते, आणि आपल्याला हवा असतो तो हाच कागद.

आता रेकॉर्ड ऑफिस कुठे? मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला. तोफखान्याचे नाशिक रोडला. बॉम्बे सॅपर्सचे खडकीला. रणगाडा दलाचे आणि मेकनाइज्ड इन्फंट्रीचे अहिल्यानगरला, म्हणजे आपल्या जुन्या अहमदनगरला. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे नागपूरजवळ कामठीला. महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला. सिग्नल्सचे जबलपूरला, ईएमईचे सिकंदराबादला, मेडिकल कोअरचे लखनौला. नौदलातल्या खलाशांचे काम मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमधून चालते, तर हवाई दलाचे दिल्लीच्या सुब्रतो पार्कमधून. बाबा "आम्ही पुण्याला होतो" म्हणत असतील तर त्यावरून रेकॉर्ड ऑफिस ठरवू नका. शेवटची पोस्टिंग कुठेही असो, कागद कोअरच्या गावी जातात.

२०२१ नंतर यात एक भर पडली आहे ती 'स्पर्श' या ऑनलाइन व्यवस्थेची. पूर्वी बँक पेन्शन हिशेबून देत असे. आता बहुतेक सैनिकांची पेन्शन स्पर्शवर गेली आहे आणि संरक्षण लेखा विभागच ती थेट खात्यात जमा करतो. यामुळे एक गोष्ट बरी झाली. स्पर्शवर लॉगिन करून आपल्या नावापुढे सरकारने काय लिहिले आहे ते घरबसल्या दिसते. आणि एक त्रासाची झाली. पूर्वी बँकेतला ओळखीचा क्लार्क 'सुशिला' आणि 'सुशीलाबाई' एकच समजून घ्यायचा, कॉम्प्युटर समजून घेत नाही.

चूक येते कुठून

दोष नेहमी क्लार्कचा नसतो. आपल्या नावांचीच रचना अशी आहे की फौजेच्या चौकटीत ती नीट बसत नाहीत. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशी तिहेरी पद्धत. फौजेत कित्येकदा दोनच शब्द लिहिले गेले, कधी आडनावच गळाले. त्यात इंग्रजी स्पेलिंग. नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीकाठी जो पराक्रम केला त्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचे आडनावही इंग्रजी पुस्तकांत कुठे 'जादव', कुठे 'जाधाव', कुठे 'जाधाओ' असे छापलेले आढळते. व्हिक्टोरिया क्रॉसवाल्याची ही गत, तर साध्या शिपायाच्या भोसलेत एक 'ए' जास्त का कमी, याकडे कोण पाहणार?

आईच्या नावाचा घोळ याहून खास आपला आहे. लग्नात मुलीचे नाव बदलायची रीत घराघरात होती. माहेरची पार्वती सासरी सुशीला झाली. युनिटला लग्नाची खबर देताना बाबांनी यांतले एक नाव दिले, आधार कार्डावर दुसरे आले, बँकेच्या पासबुकात 'बाई' लागले, आणि इथल्या व्हिसासाठी काढलेल्या पासपोर्टवर चौथाच प्रकार. घरात सगळ्यांना ठाऊक असते की ही एकच बाई. कागदांच्या लेखी त्या चार असतात.

तिसरी गोष्ट जन्मतारीख. गावच्या मास्तरांनी शाळेत नाव घालताना १ जून ही तारीख घातली, अशी एक अख्खी पिढी महाराष्ट्रात आहे. आपल्या मंडळातल्या ज्येष्ठांचे वाढदिवस एकदा मोजून पाहा! ज्या बायका शाळेतच गेल्या नाहीत त्यांची तर कुठेच तारीख नाही. जुन्या पीपीओवर बायकोची जन्मतारीख नसते, फार जुन्यांवर तिचे नावसुद्धा नसते.

जन्मतारखेने काय बिघडते, असे वाटेल. बरेच बिघडते. फॅमिली पेन्शन साधारणपणे शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असते. पण पेन्शन घेणारी व्यक्ती ८० वर्षांची झाली की त्यावर २० टक्के वाढ मिळते. ८५ व्या वर्षी ती ३० टक्के होते, ९० ला ४०, ९५ ला ५०, आणि शंभरी गाठली तर पेन्शन दुप्पट. सहाव्या वेतन आयोगापासून हा नियम आहे. आईची जन्मतारीख नोंदीतच नसेल तर ती ऐंशीची झाल्याचे कोणाला कळणार? कित्येक आज्या अशाच नव्वदीला पोचल्या आणि वाढीव पेन्शन घेतलीच नाही, कारण असे काही असते हेच माहीत नव्हते. तारीख नोंदवायला पॅन कार्ड, पासपोर्ट, शाळेचा दाखला, माजी सैनिकांच्या दवाखाना योजनेचे ईसीएचएस कार्ड अशी कागदपत्रे चालतात. फक्त त्या सगळ्यांवर एकच तारीख असली पाहिजे.

काय दुरुस्त होते आणि काय नाही

इथे एक फरक लक्षात ठेवला की पुष्कळ मनस्ताप वाचतो. शीट रोलमध्ये बरोबर आहे आणि डिस्चार्ज बुकात किंवा पीपीओवर चूक उतरली, तर ती लिहिणाऱ्याची चूक. ती दाखवून दिली की दुरुस्त होते, फार खळखळ होत नाही. पण शीट रोलमध्येच चूक असेल तर तुम्ही मूळ नोंद बदला म्हणत आहात. मग पुरावे, प्रतिज्ञापत्र, राजपत्र हे सगळे लागते.

म्हणून पहिले काम म्हणजे मूळ नोंदीत काय लिहिले आहे ते पाहणे. बाबांनी रेकॉर्ड ऑफिसला साधे पत्र लिहून माहिती मागावी. उत्तर आले नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली आपल्या शीट रोलची आणि लग्नाच्या पार्ट टू ऑर्डरची प्रत मागावी. फी १० रुपये, आणि अर्ज ऑनलाइनही होतो. हा अर्ज बाबांच्याच नावाने करा. एक तर माहिती त्यांची खासगी आहे, आणि दुसरे म्हणजे हा अधिकार फक्त भारतीय नागरिकांना आहे. आपल्यापैकी ज्यांनी ब्रिटिश पासपोर्ट घेतला, त्यांचा ओसीआय इथे कामाला येत नाही.

बायकोच्या नावात किरकोळ फरक असेल, म्हणजे एखादे अक्षर, 'बाई' किंवा आडनाव गळणे, तर "या दोन्ही नावांची व्यक्ती एकच" असे मॅजिस्ट्रेटसमोरचे प्रतिज्ञापत्र आणि आधार, पॅन यांच्या प्रती यांवर सहसा भागते. नाव पूर्ण वेगळे असेल, वर सांगितल्याप्रमाणे माहेरचे आणि सासरचे, तर लग्नाचा पुरावा आणि बऱ्याचदा राजपत्रात नाव बदलल्याची नोंद मागतात. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रासाठी आता ऑनलाइन अर्ज करता येतो. प्रत्येक रेकॉर्ड ऑफिसची कागदांची यादी थोडी वेगळी असते. ती आधी मागवून घ्या आणि मगच प्रतिज्ञापत्र करा, नाहीतर मसुदा चालत नाही म्हणून सगळे परत येते.

अर्ज शक्यतो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवावा. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, प्रत्येक जिल्ह्याच्या गावी ते आहे. तिथली माणसे हेच काम रोज करतात, कागद तपासून शिक्का मारून देतात, आणि त्यांच्या शिक्क्याने आलेला अर्ज रेकॉर्ड ऑफिसात लवकर हलतो. माझे मत विचाराल तर एजंटच्या नादी लागण्यापेक्षा या ऑफिसात अर्धा दिवस बसलेले बरे.

राहता राहिली बाबांची स्वतःची जन्मतारीख. भरतीच्या वेळी जी लिहिली गेली ती बदलण्याची मुदत नोकरीच्या सुरुवातीची काही वर्षे असते. सरकारी नोकरांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली हरनाम सिंग खटल्यात हेच बजावले आहे, की उशिरा जाग आलेल्याला तारीख बदलून मिळणार नाही. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण खुद्द लष्करप्रमुखांचे. जनरल व्ही. के. सिंग यांच्या एनडीएच्या अर्जात १० मे १९५० ही तारीख होती, शाळेच्या प्रमाणपत्रात १० मे १९५१. लष्कराच्या एका शाखेत एक आणि दुसऱ्या शाखेत दुसरी, अशा दोन तारखा त्यांच्या अख्ख्या नोकरीभर सुखाने नांदल्या. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. न्या. लोढा आणि न्या. गोखले यांच्या खंडपीठाचा कल पाहून १० फेब्रुवारी २०१२ रोजी त्यांनी अर्ज मागे घेतला आणि त्याच वर्षी ३१ मे रोजी ते निवृत्त झाले. तेव्हा "बाबांचे खरे वय दोन वर्षांनी कमी आहे" या वादात पैसे घालू नका. शीट रोलमधली तारीख हीच फौजेच्या लेखी खरी. आधार आणि पॅनवर वेगळी असेल तर ती तिच्याशी जुळवून घेणे सोपे.

रेकॉर्ड ऑफिसने स्वच्छ नकार दिला आणि तुमचा पुरावा भक्कम असेल, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. २००७ च्या कायद्याने ते आले आणि त्याचे एक खंडपीठ मुंबईला आहे. पण नावाच्या चुकीसाठी तिथवर जायची वेळ सहसा येत नाही.

मेडनहेडला बसून यातले काय होते

बाबा गावी आणि मुलगा-सून इथे, असे असेल तर खरे काम गावीच होणार. आपण इथून करायचे ते कागद लावण्याचे. सगळ्या कागदांचे फोटो मागवा आणि एका पानावर तक्ता करा. उभ्या बाजूला कागदाचे नाव, आडव्या बाजूला त्यावर जसे लिहिले आहे तसे बाबांचे नाव, आईचे नाव, दोघांच्या जन्मतारखा. अक्षर न् अक्षर तसेच उतरवा, मनाने सुधारू नका. चूक नेमकी कुठल्या कागदात आहे हे या तक्त्यावरून पाच मिनिटांत दिसते. एरवी लोक भलताच कागद बदलून आणतात आणि जुळत असलेलेही बिघडवतात.

स्पर्शचे काम इथून करायचे तर एक अडचण ध्यानात घ्या. ओटीपी गावच्या मोबाइलवर जातो. आपल्या रात्री नऊला तिकडे मध्यरात्र उलटलेली असते आणि बाबा झोपलेले असतात. शनिवारी सकाळी लवकर उठून हे करावे. आणि त्यांचा तो नंबर रिचार्जअभावी बंद पडू देऊ नका.

आई इथे येऊन राहिली असेल तर तिचे प्रतिज्ञापत्र इथेच करावे लागेल. त्याला दोन वाटा आहेत. एक, लंडनच्या भारतीय उच्चायुक्तालयाकडून साक्षांकन. दुसरी, इथल्या नोटरीची सही आणि त्यावर ब्रिटिश परराष्ट्र खात्याचे अपॉस्टिल. अपॉस्टिलच्या करारात भारत २००५ पासून आहे, त्यामुळे कायद्याने ते चालते. तरीही काही ऑफिसे उच्चायुक्तालयाचाच शिक्का मागतात. खर्च करण्याआधी रेकॉर्ड ऑफिसला विचारून घ्या. गावाकडच्या भावाला किंवा पुतण्याला कामासाठी मुखत्यारपत्र देणार असाल, तर ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत तिथले मुद्रांक शुल्क भरावे लागते. पाकीट कपाटात पडून राहिले तर कागद वाया जातो.

आईची सही हाही एक विषय आहे. नोंदीत अंगठा आणि आता ती थरथरत्या हाताने सही करते, किंवा उलट. तीसुद्धा कळवून नोंदवून घेता येते.

आणखी एक गोष्ट, बोलायला अवघड पण सांगितली पाहिजे. बाबा इथे मुलाकडे आलेले असताना गेले, तर मृत्यूची नोंद इथेच होते. इंग्लंडमध्ये त्यासाठी पाच दिवसांची मुदत असते. रजिस्ट्रार नोंद वाचून दाखवतात, मग माहिती देणाऱ्याने सही करायची. त्या दुःखात कोणी स्पेलिंग पाहत नाही. पण तेवढी दोन मिनिटे पाहा. नाव डिस्चार्ज बुकात आणि पीपीओवर आहे तसेच हवे, जन्मतारीख तीच हवी. एकदा सही झाल्यावर दुरुस्ती करता येते, पण मूळ चूक नोंदीत तशीच राहते आणि दुरुस्ती समासात लिहिली जाते. असा दाखला घेऊन आई फॅमिली पेन्शन मागायला गेली की तिथला माणूस आधी त्या समासावर बोट ठेवतो. दाखल्याच्या जास्तीच्या प्रती त्याच वेळी घ्या, आणि एकीवर अपॉस्टिल करून ठेवा.

ज्यांना पेन्शन नव्हती, म्हणजे पाच-सात वर्षे नोकरी करून किंवा दुसरे महायुद्ध संपल्यावर घरी पाठवलेले सैनिक, त्यांचे कागद वेगळ्या तऱ्हेने पाहावे लागतात. पेन्शन नसलेल्यांची कागदपत्रे रेकॉर्ड ऑफिस ठरावीक वर्षांनी नष्ट करते. 'लाँग रोल' नावाच्या मोठ्या वहीतली थोडक्यात नोंद तेवढी राहते. अशा घरात मूळ डिस्चार्ज सर्टिफिकेट हाच एकमेव पूर्ण पुरावा. ते लॅमिनेट करू नका, त्याने कागद खराब होतो. दोन्ही बाजूंनी स्कॅन करून ठेवा.

आता मार्लो रोड

महायुद्धात गेलेल्यांच्या नोंदी १९९८ पासून इंटरनेटवर आहेत आणि पाहायला पैसे पडत नाहीत. प्रत्येकाच्या पानावर नाव, नंबर, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख आणि स्मारकाचे ठिकाण असते. कधी वडिलांचे किंवा बायकोचे नाव, गाव आणि जिल्हाही असतो. फ्रान्समध्ये नव शापेलच्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची आणि मजुरांची नावे आहेत. इटलीतल्या कसिनोच्या स्मारकावर यशवंत घाडगे आहेत. त्यांना १० जुलै १९४४ च्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि रायगड जिल्ह्यात माणगावला त्यांचा पुतळा आहे. पुण्यात खडकीला आणि मुंबईत खलाशांच्या इंडियन सेलर्स होममध्येही कमिशनची स्मारके आहेत.

सगळ्यांच्या वाट्याला मात्र कोरलेले नाव आले नाही. इराकमध्ये कूटच्या वेढ्यात सहावी पूना डिव्हिजन अडकली होती. तिच्यात १०३ आणि ११० या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी ती शरण गेली आणि पुढे कैदेत शेकड्यांनी माणसे मेली. बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली, हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार नुसता आकडा लिहिला. एप्रिल २०२१ मध्ये कमिशनने स्वतःच अहवाल काढून याची कबुली दिली. हिंदी, आफ्रिकी, इजिप्शियन अशा ४५ ते ५४ हजार सैनिकांचे स्मरण असमान रीतीने झाले, आणि किमान १,१६,०००, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांचे नाव कुठेच लागले नाही किंवा स्मरणच झाले नाही, असे त्यात म्हटले. कमिशनने माफी मागितली. तेव्हा "आमच्या पणजोबांचे नाव राहून गेले आहे" असे कोणी आज सांगितले तर तिथे त्याला उडवून लावत नाहीत.

दुरुस्तीसाठी वेबसाइटवर अर्ज आहे, फी नाही. पुरावा त्या काळचा हवा. भरतीचा किंवा सुटकेचा कागद, पेन्शनचा कागद, पदकाच्या कडेवर कोरलेला नंबर, घरी आलेले मृत्यूचे पत्र. "घरात सगळे असेच सांगतात" एवढ्यावर बदल होत नाही. तारखांची मर्यादा पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ अशी आहे. सेवेत असताना या काळात मृत्यू आला असेल तर कारण काहीही चालते. पण फौजेतून सुटून घरी आलेला सैनिक जखमेने किंवा तिथे जडलेल्या आजाराने याच मुदतीत गेला असेल तर त्याचाही हक्क आहे. अट एवढीच, की मृत्यूचे कारण नोकरीशी जोडता आले पाहिजे. इथे डिस्चार्ज सर्टिफिकेटवरचे 'सुटण्याचे कारण' हा रकाना निर्णायक ठरतो. 'मेडिकली अनफिट' असे दोन शब्द तिथे असतील तर तो कागद सोन्यासारखा जपा.

शोधताना आडनावाने सापडले नाही तर निराश होऊ नका. आपल्या कित्येक शिपायांचे पहिले नावच तिथे आडनावाच्या जागी लिहिलेले आहे. नुसते पहिले नाव घालून पाहा, मग नुसता नंबर. पलटणीचे नाव जुन्या पद्धतीने 'महाराट्टा' या इंग्रजी स्पेलिंगने घाला, म्हणजे मराठाच्या मध्ये एक 'एच' जास्त आणि दोन 'टी'. गावाचे नाव मोठ्याने वाचा. इंग्रज क्लार्कच्या कानाला जसे ऐकू आले तसे ते लिहिले आहे, त्यामुळे डोळ्यांना अनोळखी वाटणारे गाव उच्चारल्यावर आपलेच निघते.